पहिल्या दहात मुलगी का नाही?

गेल्या हिवाळ्यात धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आंतरशालेय बुद्धिबळ स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. मी व्यवसायाने संशोधक. बुद्धिबळ खेळतो ते रेल्वेच्या प्रवासात वेळ जावा इतपतच. पहिल्या दहा क्रमांकांना बक्षिसे होती आणि दहाही बक्षिसे मुलग्यांनी घेतली. चहाच्या वेळी एक शिक्षक सहज म्हणाले, "मुली अभ्यासात पुढे असतात सर, पण या खेळात त्यांचं डोकं चालत नाही. बघा ना, पहिल्या दहात एक तरी आहे का?" त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. डोळ्यांसमोर जे दिसले त्यावरून त्यांनी सरळ निष्कर्ष काढला होता.

निघताना एक आजोबा नातीला घेऊन पुढे आले. मुलगी सातवीतली. शिक्षकांचे बोलणे दोघांच्याही कानांवर गेले असावे. आजोबांनी अहिराणीत विचारले, "यामां हिनं डोकं चालस का, साहेब?" पुढच्या वर्षी पोरीला पाठवायचे की नाही, हे त्यांना माझ्या उत्तरावरून ठरवायचे होते. मी "चालतं की आजोबा, पाठवा" असे म्हणालो. पण ते उत्तर शिष्टाचाराचे होते, त्याला आधार काही नव्हता. म्हणून मी आयोजकांकडून निकालाची यादी मागून घेतली. स्पर्धेत एकूण ६८ खेळाडू होते. त्यांत मुलगे ६४ आणि मुली फक्त ४. मुलींमध्ये सर्वांत वरचा क्रमांक चौदावा होता आणि तो याच मुलीचा होता.

या चार आकड्यांवरून शिक्षकांचा निष्कर्ष निघतो का, हे आता तपासून पाहू.

अडुसष्ट चिठ्ठ्यांचा डबा

समजा, मुलगे आणि मुली यांच्या खेळात सरासरीने काहीही फरक नाही. मग निकालाच्या यादीत कोणती जागा मुलीला मिळेल आणि कोणती मुलग्याला, हे एखाद्या डब्यातून चिठ्ठ्या काढण्यासारखे होईल. डब्यात ६४ निळ्या आणि ४ लाल चिठ्ठ्या टाकल्या. डोळे मिटून एकेक चिठ्ठी काढायची आणि ओळीने मांडायची. पहिल्या दहात एकही लाल चिठ्ठी न येण्याची शक्यता किती?

हे गणित बारावीचा विद्यार्थी करू शकतो. पहिल्या दहा जागा सोडून उरतात ५८ जागा. पहिली लाल चिठ्ठी या ५८ जागांपैकी एकीवर पडण्याची शक्यता ५८/६८. ती तिथे पडली, तर दुसरीची शक्यता ५७/६७, तिसरीची ५६/६६ आणि चौथीची ५५/६५. या चार अपूर्णांकांचा गुणाकार सुमारे ०.५२ येतो.

म्हणजे मुलगे आणि मुली अगदी तोडीस तोड असले, तरी अशा शंभर स्पर्धांपैकी बावन्न स्पर्धांत पहिल्या दहांमध्ये एकही मुलगी दिसणार नाही! नाणे उडवले आणि छापा पडला, यापेक्षा अधिक आश्चर्य वाटावे असे त्या निकालात काहीही नव्हते.

आता चौदाव्या क्रमांकाकडे पाहू. ओळीने मांडलेल्या चिठ्ठ्यांमध्ये चार लाल चिठ्ठ्या ६४ निळ्या चिठ्ठ्यांचे पाच तुकडे पाडतात: पहिल्या लाल चिठ्ठीच्या आधीचा एक, मधले तीन आणि शेवटचा एक. चिठ्ठ्या पुष्कळ वेळा काढल्या, तर सरासरीने हे पाचही तुकडे सारखेच भरतील. ६४ भागिले ५ म्हणजे १२.८. पहिल्या लाल चिठ्ठीच्या आधी सरासरी १२.८ निळ्या चिठ्ठ्या असतील, म्हणजे ती १३.८ व्या जागी येईल. चौदाव्या जागीच म्हणा ना! जो क्रमांक पाहून मुलींचे डोके चालत नाही असे वाटले, तो बरोबरीची क्षमता धरली असता अपेक्षित असलेलाच क्रमांक होता.

आता उलट उदाहरण घेऊ. समजा, ६८ खेळाडूंमध्ये ३४ मुलगे आणि ३४ मुली होत्या आणि तरीही पहिल्या दहांत एकही मुलगी आली नाही. निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता दोन हजारांत एकाहूनही कमी भरते. त्या वेळी मात्र "काहीतरी कारण असले पाहिजे" असे म्हणायला जागा आहे. निकाल दोन्हीकडे एकच, "पहिल्या दहांत मुलगी नाही". पण एका ठिकाणी त्यातून काहीही कळत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी पुष्कळ काही कळते. फरक पडतो तो खेळायला किती जणी बसल्या होत्या, यामुळे.

एका तेरा वर्षांच्या मुलीची गोष्ट

खेळायला बसणे हीच पूर्वी मोठी अडचण होती. याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या खाडिलकर घराण्यातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणी. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे या घराण्याचे मूळ पुरुष आणि 'नवाकाळ'चे संस्थापक. या मुलींचे वडील नीलकंठ खाडिलकर 'नवाकाळ'चे संपादक. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी वासंती जिंकली, दुसऱ्या वर्षी जयश्री आणि तिसऱ्या वर्षी, १९७६ मध्ये, रोहिणी. रोहिणीचा जन्म १९६३ चा. म्हणजे ती तेव्हा तेरा वर्षांची होती. या स्पर्धेच्या पहिल्या दशकात राष्ट्रीय विजेतेपद या तीन बहिणींच्या बाहेर गेले नाही. त्यांपैकी पाच विजेतेपदे एकट्या रोहिणीची.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना वेगळीच आहे. त्याच १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्यावरून मोठे वादळ उठले. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत खेळावे का, हा प्रश्न पटावर न सुटता उच्च न्यायालयात गेला आणि तिथे निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष होते माक्स युवे. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये स्त्रियांना प्रवेश नाकारता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. हे युवे हॉलंडचे, १९३५ ते १९३७ या काळातले जगज्जेते आणि पेशाने गणिताचे शिक्षक. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मुलींच्या शाळेत त्यांनी गणित शिकवले होते. मुलींची बुद्धी किती चालते, हे त्यांनी वर्गात पाहिलेले असणार!

त्या स्पर्धेत तेरा वर्षांच्या या मुलीने काही राज्यांच्या विजेत्या पुरुष खेळाडूंना हरवले. पुढे १९८१ मध्ये हैदराबादला झालेल्या आशियाई महिला स्पर्धेत रोहिणी खाडिलकर यांनी एकही डाव न हरता १२ पैकी ११.५ गुण मिळवले आणि त्या आशियाई विजेत्या झाल्या. त्याच वर्षी त्यांना महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळाला. १९८३ मध्ये क्वालालंपूर येथे त्यांनी आशियाई विजेतेपद पुन्हा मिळवले. १९७८ ते १९८६ या काळात बुद्धिबळाच्या ऑलिंपियाडमध्ये त्या भारताकडून खेळल्या. अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला. नंतर मात्र त्या घरच्या वृत्तपत्र व्यवसायात गेल्या.

त्या काळी बुद्धिबळावर पोट भरावे अशी सोय आपल्याकडे जवळपास नव्हती. जपानमध्ये 'गो' नावाचा, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ आहे. तिथे १९२४ पासून त्या खेळाची मोठी संस्था आहे. ती व्यावसायिक खेळाडूंना दर्जा देते, स्पर्धा भरवते आणि गो खेळणे हा तिथे एक मान्य पेशा आहे. खेळात पुढे जायचे तर घरचे पाठबळ, शिकवणारा, स्पर्धा आणि चरितार्थ या चार गोष्टी लागतात. खाडिलकर भगिनींना पहिल्या गोष्टी घरातून मिळाल्या. ज्या मुलींना त्या मिळाल्या नाहीत, त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. आणि ज्यांची नावे यादीत नाहीत, त्यांना आपण मोजत नाही.

मोजपट्टी एका भौतिकशास्त्रज्ञाची

कोण किती चांगले खेळतो, हे बुद्धिबळात आकड्याने सांगता येते. त्यामुळे माणसाच्या बौद्धिक कौशल्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना हा खेळ तयार प्रयोगशाळेसारखा वाटतो. ही मोजपट्टी बसवली अर्पाद एलो यांनी. एलो जन्माने हंगेरियन. अमेरिकेत मिलवॉकी शहरात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. जागतिक संघटनेने त्यांची पद्धत १९७० मध्ये स्वीकारली. तिलाच आज आपण 'रेटिंग' म्हणतो.

पद्धतीचे मूळ सोपे आहे. विजयाला १ गुण, बरोबरीला अर्धा, हार झाली तर शून्य. दोन खेळाडूंचे रेटिंग सारखे असेल, तर प्रत्येकाने शंभर डावांत पन्नास गुण मिळवावेत, अशी अपेक्षा. रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल, तर वरच्याने सुमारे ७६ आणि खालच्याने २४ गुण मिळवावेत. ४०० चा फरक असेल, तर सुमारे ९१ आणि ९. प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा अधिक गुण मिळाले, तर रेटिंग वाढते, कमी मिळाले तर घटते. १६०० रेटिंगच्या खेळाडूने १८०० च्या खेळाडूला हरवले, तर त्याने ०.२४ ऐवजी १ गुण मिळवला, म्हणजे ०.७६ जास्त. या फरकाला ठरलेल्या अंकाने गुणतात. तो अंक २० असेल, तर रेटिंग १५.२ ने वाढते.

या हिशेबात खेळाडूचे नाव, गाव, जात, लिंग यांपैकी काहीच येत नाही. फक्त कोणाशी खेळला आणि काय झाले, एवढेच येते.

पाच फासे आणि एक्कावन्न विद्यार्थी

जगातील सर्वोत्तम पुरुष खेळाडूंचे रेटिंग सर्वोत्तम स्त्रियांपेक्षा अधिक आहे, ही वस्तुस्थिती आहे. आपल्या तालुक्यातल्या स्पर्धेत जे दिसले, तेच जागतिक पातळीवर दिसते. मग तिथेही चिठ्ठ्यांचेच गणित लागू पडत असेल का?

हा प्रश्न मेरिम बिलालिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. त्यांचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी जर्मनीच्या बुद्धिबळ संघटनेतील सुमारे एक लाख वीस हजार खेळाडूंची रेटिंग घेतली. त्यांत दर सोळा पुरुषांमागे एक स्त्री असे प्रमाण होते; योगायोगाने आपल्या स्पर्धेतही ६४ ला ४ म्हणजे तेच प्रमाण आहे. मग त्यांनी पहिल्या क्रमांकाचा पुरुष आणि पहिल्या क्रमांकाची स्त्री, दुसरा आणि दुसरी, अशा शंभर जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत रेटिंगचा फरक किती आहे ते पाहिले आणि केवळ संख्येतल्या तफावतीमुळे तो किती यायला हवा, याचा हिशेब केला. प्रत्यक्षातल्या फरकापैकी सुमारे ९६ टक्के फरक नुसत्या संख्येने समजावून देता येतो, असे त्यांना आढळले.

नुसत्या संख्येने एवढा फरक कसा पडेल? हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. ५१ विद्यार्थी घ्या. चिठ्ठ्या टाकून कोणत्याही तिघांना लाल आणि उरलेल्या ४८ जणांना निळा गट द्या (पुन्हा तेच सोळास एक प्रमाण). प्रत्येकाने लुडोचा फासा पाच वेळा टाकावा आणि बेरीज लिहावी. बेरीज कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३० येईल. सरासरी येईल १७.५. फाशाला लाल-निळे कळत नाही, त्यामुळे दोन्ही गटांची 'क्षमता' अगदी समान आहे. आता प्रत्येक गटातली सर्वांत मोठी बेरीज फळ्यावर लिहा. हा खेळ काही वेळा केला, तर निळ्या गटाची सर्वोच्च बेरीज सरासरी २६ च्या आसपास आणि लाल गटाची २० ते २१ च्या आसपास येते, असे दिसेल. पाचेक गुणांचा हा फरक ना फाशात आहे, ना टाकणाऱ्याच्या हातात. तो फक्त किती जणांनी फासा टाकला, यातून आला.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हे वेगळ्या तऱ्हेने सांगता येईल. रावेर-यावल भागात एका शेतात केळीची सोळाशे झाडे आहेत आणि दुसऱ्यात शंभर. बेणे एकच, माती एकच, पाणी-खत सारखे. दोन्ही शेतांतला सर्वांत वजनदार घड कोणता, अशी पैज लावली तर कोणीही मोठ्या शेताच्या बाजूने पैज लावील. पण म्हणून मोठ्या शेतातली केळी जातिवंत आणि लहान शेतातली हलकी, असे कोणी म्हणणार नाही. केळीच्या बाबतीत जी चूक आपण करत नाही, ती मुलींच्या बाबतीत सहज करून बसतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. सरासरी पाहायची असेल, तर गट लहान की मोठा याने सरासरी एका बाजूला झुकत नाही. पण शिखर पाहायचे असेल, तर गटाच्या आकाराने फार फरक पडतो. आणि बक्षिसे, बातम्या, छायाचित्रे ही सगळी शिखराचीच असतात.

या गणिताने काय सिद्ध होत नाही

इथे थोडे थांबून सावध व्हायला हवे. बिलालिच यांच्या निष्कर्षावर पुढे चर्चा झाली. वेगळी गणिती गृहीतके धरली, तर संख्येने समजावून देता येणारा वाटा ९६ टक्क्यांहून कमी भरतो, असे दुसऱ्या संशोधकांनी दाखवले. त्यामुळे 'सगळे कोडे सुटले' असे म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय आपल्या तालुक्याच्या निकालावरून मुली आणि मुलगे समान आहेत, हेही सिद्ध होत नाही. चार जणींवरून कोणतीच गोष्ट सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, 'पहिल्या दहात मुलगी नाही, म्हणून मुलींचे डोके चालत नाही' या वाक्यातला 'म्हणून' खोटा आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मुली कमी का खेळतात? आवडत नाही म्हणून की येऊ दिले जात नाही म्हणून? आल्यावर त्यांना कोणती वागणूक मिळते? इटलीतील संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्या क्षमतेच्या स्त्री-पुरुषांच्या ४२ जोड्यांना त्यांनी संगणकावरून एकमेकांशी खेळवले. समोर पुरुष आहे हे माहीत असताना स्त्रियांचा खेळ बराच उतरला. समोर स्त्री आहे असे (खोटेच) सांगितल्यावर त्या बरोबरीने खेळल्या. हा प्रयोग पुष्कळ गाजला. पण २०१८ मध्ये टॉम स्टॅफर्ड यांनी स्पर्धांमधल्या पंचावन्न लाखांहून अधिक डावांची नोंद तपासली. त्यांत स्त्रिया पुरुषांविरुद्ध अपेक्षेपेक्षा थोड्या चांगल्याच खेळतात, असे दिसले. एक प्रयोग एक सांगतो, दुसरी पाहणी दुसरे सांगते. विज्ञानात असे घडते आणि ते विद्यार्थ्यांपासून लपवू नये. अनुमान जितके मोठे, तितका पुरावा अधिक मागावा, हाच धडा त्यातून घ्यायचा.

लाल चिठ्ठी वर येते तेव्हा

फाशांच्या खेळात लाल गटाचे ३ आणि एकूण विद्यार्थी ५१. म्हणजे सतरा वेळा खेळल्यास साधारण एकदा सर्वांत मोठी बेरीज लाल गटाची येईल. बुद्धिबळातही अशी लाल चिठ्ठी कधी कधी वर येते. हंगेरीच्या युदित पोल्गार हिने १९९१ मध्ये वयाच्या पंधरा वर्षे चार महिन्यांत ग्रँडमास्टर किताब मिळवला आणि बॉबी फिशरचा विक्रम मोडला. पुढे स्त्री-पुरुष सर्वांच्या जागतिक क्रमवारीत ती आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. तिलाही खाडिलकरांसारख्याच दोन मोठ्या बुद्धिबळपटू बहिणी होत्या. गो खेळात रुई नायवेई ही चिनी खेळाडू, जन्म १९६३, म्हणजे रोहिणी खाडिलकर यांच्याच वयाची. तिने २००० साली कोरियातला पुरुषांसह सर्वांना खुला असलेला एक मानाचा किताब तिथल्या अव्वल खेळाडूला हरवून जिंकला.

आपल्याकडे रोहिणी खाडिलकर यांच्यानंतर भाग्यश्री साठे-ठिपसे, अनुपमा अभ्यंकर-गोखले अशा मराठी खेळाडू पुढे आल्या. २००९ मध्ये पुण्याची सौम्या स्वामिनाथन मुलींमध्ये कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली. आणि अलीकडची गोष्ट नागपूरच्या दिव्या देशमुखची. तिचा जन्म २००५ चा. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका मोठ्या स्पर्धेनंतर तिने जाहीरपणे लिहिले की, प्रेक्षक आपल्या खेळाऐवजी कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांचीच चर्चा करतात. त्या वेळी ती अठरा वर्षांची होती. त्याच वर्षी ती मुलींची कनिष्ठ जगज्जेती झाली आणि बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिने कोनेरू हम्पी यांना हरवले. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले होते. निकाल जलद डावांत लागला. या विजयामुळे तिला थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. या ८८ जणांत स्त्रिया किती? चार. हम्पी, द्रोणवल्ली हरिका, आर. वैशाली आणि दिव्या.

अठ्ठ्याऐंशीत चार! हा आकडा पाहून आता आपल्याला कोणता प्रश्न सुचायला हवा, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. 'त्यांचे डोके चालत नाही का?' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचे, 'खेळायला किती जणी बसल्या होत्या?'

हजेरीपटाची एक ओळ

रोहिणी खाडिलकर यांच्या वेळी दार बंद होते आणि ते न्यायालयात जाऊन उघडावे लागले. आज दार उघडे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगावच्या जैन हिल्सवर अकरा वर्षांखालील मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा झाली. म्हणजे देशभरातली लहान मुले बुद्धिबळ खेळायला खान्देशात आली. पण जळगावपर्यंत राष्ट्रीय स्पर्धा आली, तरी आपल्या शाळेतल्या पटापर्यंत मुलगी येते का, हे शिक्षकच पाहू शकतात.

काही गोष्टी करण्यासारख्या आहेत. स्पर्धेचा निकाल लावताना पहिल्या दहांच्या यादीशेजारी भाग घेणाऱ्या मुलामुलींची संख्याही लावावी. गणिताच्या शिक्षकांनी त्या संख्येवरून मुलांकडूनच हिशेब करवून घ्यावा. आपल्या शाळेचा खराखुरा निकाल हे संभाव्यतेच्या प्रकरणासाठी पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चेंडूंपेक्षा चांगले उदाहरण आहे. मुलींना सरावाला कोणती वेळ सोयीची पडते, हे विचारावे. शाळा सुटल्यावरचा तास ठेवला, तर शेवटची एस.टी. गाठणारी मुलगी आपोआप गळते. आणि पुढच्या वर्षी बक्षिसे किती मिळाली याच्या आधी मुली चारच्या आठ झाल्या का, ते मोजावे. हेच गणित क्रिकेटला, विज्ञान प्रदर्शनाला, शिष्यवृत्ती परीक्षेला आणि आश्रमशाळेतल्या मुलांच्या निकालालाही लागू आहे.

त्या शिक्षकांना मी ही सगळी आकडेमोड पत्राने कळवली. त्यांचे उत्तर आले: "हिशेब वर्गात करून घेतला. चिठ्ठ्या दहा वेळा काढल्या. सहा वेळा पहिल्या दहांत लाल चिठ्ठी आली नाही." माणूस खरा शिक्षक निघाला.

आजोबांचा पत्ता माझ्याकडे नव्हता. पत्रातच मी शिक्षकांना विनंती केली की, त्यांना माझा एक निरोप सांगावा: अडुसष्ट जणांत चौदावी आली, म्हणजे चोपन्न जणांच्या पुढे गेली. पाठवा तिला. आणि शेजारची एखादी मैत्रीणही सोबत पाठवा.